आबांच्या हातातलं बिल

आज सेलूत आबांसोबत कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. हरभऱ्याचं बियाणं, डीएपी खत आणि बुरशीनाशक घेतलं. बिल एकच, पण जीएसटीचे दर तीन: बियाण्याला शून्य, खताला ५ टक्के, औषधाला १८. आबांनी चष्मा लावून, बोट फिरवत वाचलं. हजाराच्या औषधावर ९० केंद्राचे आणि ९० राज्याचे. "हे काय रं? आपल्याला तर टॅक्स नसतो ना?"

उत्पन्नावर नसतो, आबा. खरेदीवर असतोच. व्यापारी भरलेला जीएसटी पुढच्या हिशेबात वजा करून घेतो. शेतकऱ्याची नोंदणीच नसते, त्यामुळं त्याचे पैसे गेले ते गेलेच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर कमी झाले. ठिबक १२ वरून ५ वर आलं, ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर. मनापासून बरं वाटलं. रासायनिक औषध मात्र १८ वरच राहिलं, आणि फवारणी काही टळत नाही.

कर सोपा व्हावा, हे मलाही पटतं. पण काही जण सगळ्याला एकच दर लावा म्हणतात, तेव्हा मला बियाण्यापुढचं ते शून्य आठवतं. ते गेलं तर पेरणीआधीच खर्च वाढणार.

आबांनी बिल नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. घरी आल्यावर परत काढून वाचत बसलेत.