मूठ वळली, पण उघडेना

पक्षाघाताच्या झटक्यानंतर पाचव्या आठवड्यात आईने उजव्या हाताने माझे बोट घट्ट धरले, तेव्हा तिचा हात परत आला असेच आम्हा सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी तिला प्लास्टिकचा रिकामा पेला दिला. तो तिने धरला, पण खाली ठेवता येईना. शेवटी डाव्या हाताने उजव्या हाताचे एकेक बोट तिने पेल्यावरून सोडवले. धरणे जमते, मग सोडणे का जमत नाही, हे समजून घेण्यासाठी मी वाचू लागलो.

लॉरेन्स आणि कायपर्स या संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकडांच्या मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे पिरॅमिडल मार्ग दोन्ही बाजूंनी तोडले होते. काही आठवड्यांत ती माकडे धावू आणि चढू लागली, मात्र लहानशा खळग्यातला खाऊ एका बोटाने उचलणे त्यांना पुन्हा कधीच जमले नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, चढताना पिंजऱ्याचे गज सहज सोडणाऱ्या त्याच माकडांना हातात धरलेला खाऊ सोडणे कठीण जात होते. हे वाचताना आईचा पेला डोळ्यांसमोर आला.

बोटे स्वतंत्रपणे हलवणे मुख्यतः मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातून, मज्जारज्जूत उतरणाऱ्या या थेट मार्गावर अवलंबून असते. तो दुखावल्यावर मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातून, येणारा रेटिक्युलोस्पायनल हा उत्क्रांतीच्या दृष्टीने जुना मार्ग काही भार उचलतो, पण त्याची पकड ढोबळ असते. न्यूकॅसल विद्यापीठातील स्टुअर्ट बेकर यांच्या गटाने २०१२ साली माकडांमध्ये दाखवले, की इजेनंतर या मार्गाची जोडणी हात मिटवणाऱ्या स्नायूंशी बळकट होते, उघडणाऱ्या स्नायूंशी मात्र तशी होत नाही. माणसातही असेच काही घडत असावे, असे मानायला जागा आहे.

म्हणूनच मुठीच्या जोरावरून हाताची सुधारणा मोजणे मला अपुरे वाटते, आणि दिवसभर रबरी चेंडू दाबत बसण्याचा सर्रास दिला जाणारा सल्लाही. रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले होते, की बाह्यकातील हाताच्या क्षेत्राला इजा झालेल्या माकडांकडून लहान खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव करून घेतल्यास त्या क्षेत्राचा उरलेला भाग टिकून राहतो. सराव न मिळालेल्या माकडांत तो आक्रसला होता. म्हणजे सराव हवा तो बोटांच्या नेमक्या, बारीक कामाचा. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत, कारण थेट मार्गाचे किती मज्जातंतू शाबूत राहिले यावर बरेच काही ठरते.

फिजिओथेरपिस्टच्या संमतीने आम्ही आता चेंडू बाजूला ठेवला आहे. आई वाटीतला मोठा मणी अंगठा आणि तर्जनीत धरून दुसऱ्या वाटीत टाकते. उचलणे लवकर होते. मणी सुटेपर्यंत मात्र माझे मनातल्या मनात वीस आकडे मोजून होतात. गेल्या महिन्यात चाळीस होत होते.