कोरी खादी, प्लाझ्मा आणि पाण्याचा थेंब

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस भरपूर, पण कापड उकळून धुवायला लागणारं पाणी उन्हाळ्यात कुठून आणायचं? एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी प्लाझ्मा, म्हणजे विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, घेतला तो याच विचारानं: न उकळता कापड पाणी पिऊ लागेल का?

कोऱ्या सुती कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो तसाच गोल बसून राहतो. कापसात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं आणि सेल्युलोज पाणी चटकन धरतं. पण तंतूच्या बाहेरच्या सालीत मेण असतं. वजनात जेमतेम १ टक्का, तरी पाणी तेच अडवतं. ते काढायला कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, पुन्हा पुन्हा धुतात, आणि ते सोड्याचं पाणी शेवटी कुठंतरी सोडावंच लागतं.

मी वर्ध्याहून कोरी खादी आणली. आधी गरम पाण्यानं खळ काढली. ही पायरी कोणीही टाळू नये. प्लाझ्मा पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरच पोचतो. वर खळ असली तर तो खळीवरच काम करतो, कापूस तसाच राहतो. नंतर कापड कडक वाळवलं.

उपकरण नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होतं. धातूच्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर काच, मध्ये काही मिलिमीटरची फट आणि काही हजार व्होल्ट. काच नसेल तर सगळा प्रवाह एकाच ठिणगीतून जाऊन कापड जळेल. काचेमुळे त्याच्या असंख्य बारीक ठिणग्या होतात. फटीत जांभळा उजेड पसरला आणि ओझोनचा उग्र वास सुटला. तिथले काका ओरडले, "पोरी, पंखा लावल्याबिगर जवळ येऊ नोको!" कापड मात्र जेमतेम कोमट झालं होतं, कारण या प्लाझ्मात तापलेले असतात ते इलेक्ट्रॉन, हवेचे रेणू जवळपास थंडच राहतात.

बाहेर काढलेल्या तुकड्यावर मी थेंब सोडला. टेकताच पसरला. शेजारच्या कोऱ्या तुकड्यावरचा थेंब अजून तसाच उभा होता.

इन्फ्रारेड आलेखात मात्र दोन्ही तुकडे सारखेच दिसले. सरांनी कारण समजावलं: ही तपासणी साधारण मायक्रॉनभर, म्हणजे हजार नॅनोमीटर, खोल बघते, त्यात वरचा बदललेला थर हरवून जातो. एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन तपासणी वरचे १० नॅनोमीटरच बघते. तिथं कार्बनच्या तुलनेत ऑक्सिजन वाढलेला स्पष्ट दिसला.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनं अंगोरा सशाच्या लोकरीवर हेच तंत्र वापरलंय. ती लोकर इतकी गुळगुळीत की नुसती कातता येत नाही; प्लाझ्मानं तंतूंमधलं घर्षण वाढतं. माझा या तंत्रावर विश्वास बसला तो त्या कामामुळे.

पण हा परिणाम टिकून राहत नाही. काही आठवडे ठेवलेले तुकडे पाणी हळू पिऊ लागले. पृष्ठभागावरच्या रेणूंच्या साखळ्या वळतात आणि पाणी धरणारे ऑक्सिजनचे गट आत दडतात. म्हणून प्लाझ्मानंतरचं काम त्याच दिवशी उरकायला हवं. गावात यंत्र बसवायचं तर आधी भरवशाची वीज लागेल, आणि उच्च व्होल्टेजवर काम करणारा शिकलेला माणूसही.

आता फाल्गुनात पळस फुलला की कापड प्लाझ्मातून काढल्या काढल्या त्या फुलांच्या रंगात बुडवणार आहे. एक तुकडा रंग पक्का करणारी तुरटी घालून, एक तुरटीशिवाय.