माटोळीच्या खोलीचं छत

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घराला मंगळुरी कौलं आहेत. चवथीला गणपती बसतो त्या खोलीत वरून सतत धूळ पडायची, म्हणून मे महिन्यात जिप्समचं छत करायचं ठरवलं. कामगार गावी गेलेले, भाऊ बोटीवर. लोखंडी सांगाडा मी एकट्यानेच वाशांना टांगला. खरी अडचण बोर्डांची. 6 बाय 4 फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड सुमारे 20 किलो भरतो. तो डोक्यावर पेलता येईल, पण पेलून वर स्क्रू कोणत्या हाताने मारणार? म्हणून बोर्ड वर उचलून धरणारी लिफ्ट करायला घेतली.

खांबाला साडेपाच-साडेपाच फुटांचे दोन चौकोनी पाइप घेतले. बाहेरचा 60 मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर पत्र्याचा. आतला 40 चा. मधे चहूबाजूंनी 8 मिलिमीटर फट राहते आणि आतला पाइप डुगडुगतो. त्यावर उपाय स्वयंपाकघरात सापडला. भाजी चिरायचा जुना प्लॅस्टिकचा बोर्ड मोजला तर बरोबर 8 मिलिमीटर! त्याच्या पट्ट्या कापून काही बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी, काही आतल्याच्या बुडाशी बसवल्या. डुगडुग थांबली. एका बाजूच्या पट्टीला खाच ठेवली. तिथून 4 मिलिमीटरचा तारेचा दोर कप्पीवरून आत उतरतो आणि आतल्या पाइपला बुडापासून वर ओढतो. दुसरं टोक हँड विंचवर, म्हणजे हाताने फिरवून दोर गुंडाळायच्या रहाटावर. विंच दात्यांचीच घ्या, हात सुटला तरी खिटी अडकून राहते. आतला पाइप निदान एक फूट बाहेरच्यात राहिलाच पाहिजे, त्यासाठी लाल खूण केली आणि वर अडवणारा बोल्टही घातला.

माथ्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट बिजागरीवर बसवली. ती तिरकी केली की खालची कड छातीशी येते. बोर्ड तिथल्या आकड्यांवर टेकवायचा, चौकट आडवी करून कडी लावायची.

पहिल्या दिवशी मात्र घात झाला. पाया दोन फुटांचाच होता. बोर्ड जरा एका बाजूला बसला आणि सगळं कलंडलं. मी बाजूला होतो म्हणून वाचलो, बोर्डाचा कोपरा गेला. मग पायाला चारही कोपऱ्यांत बाहेर पसरणारे पाय जोडले, ब्रेकवाली चाकं लावली आणि 50 किलोची सिमेंटची गोणी रात्रभर चौकटीवर ठेवून पाहिली. सकाळी खूण जागच्या जागी होती.

सगळ्यात जपून करायचं काम शेवटच्या दोन बोर्डांचं होतं. माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचा, भार जिप्समवर टाकायचाच नव्हता. नारळ, सुपारीचे घोस, तवशी, निरफणस, सगळं वजन वाशांनीच पेलायला हवं. म्हणून वाशांना चार लोखंडी सळ्या आधीच अडकवल्या होत्या आणि प्रत्येक बोर्डात दोन-दोन भोकं पाडली होती. बोर्ड वर चढताना सळ्या त्या भोकांतून सरळ खाली यायला हव्यात. विंच एक दाता फिरवायची, शिडीवर चढून बघायचं, चाक बोटभर सरकवायचं, पुन्हा एक दाता. माणसांनी हातात धरलेला बोर्ड इतका वेळ स्थिर राहिलाच नसता. एका बोर्डाला तासभर गेला, पण चारही सळ्यांची टोकं भोकाच्या कडेला न लागता खाली आली.

मृग लागायच्या आत सांधे भरून झाले. चवथीला त्या सळ्यांवरच माटोळी बांधली.