निळी रेघ उजव्या आरशात

चाकणच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे गाडीच्या आतले दिवे बनतात. छतातला वाचायचा दिवा, पायाशी पडणारा उजेड, आणि हल्ली सगळ्यात जास्त मागणी असलेली ती रंगीत पट्टी, जी डॅशबोर्डवरून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाते. अँबियंट लाइट. पूर्वी ही महागड्या गाड्यांची चैन होती. इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि ती मधल्या किमतीच्या गाडीतही आली.

त्याचं कारण मला पटतं. पेट्रोलची गाडी चालू झाली की कानाला कळतं, स्टिअरिंगवरच्या हाताला कळतं. इलेक्ट्रिक गाडी चालू असली काय आणि बंद असली काय, आत तीच शांतता. मग ‘मी तयार आहे’, ‘चार्जिंग सुरू आहे’ हे सांगायचं कुणी? ते काम उजेडाकडे आलं. 2020 मध्ये ग्राहकांच्या हातात पडलेल्या फोक्सवॅगन आयडी.3 मध्ये पुढच्या काचेखालची पट्टी हेच करते, वळण कुठल्या बाजूला आहे तेही दाखवते. त्याच वर्षीच्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये अडीचशेच्या आसपास एलईडी आहेत आणि शेजारून वाहन येत असेल तर त्या बाजूची पट्टी लाल होऊन सावध करते. याला सजावट म्हणून हिणवणाऱ्यांशी मी नेहमी भांडते.

(आणखी एक प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो: याने बॅटरी संपत नाही का? पट्टी दहा वॅटची धरली आणि पाच तास चालवली तर 50 वॉट-तास होतात. तेवढ्यात गाडी अर्धा किलोमीटरही जात नाही.)

तर ती रात्र. ऊस तोडणीचा हंगाम होता, अमावास्या जवळ आली होती. एका इलेक्ट्रिक गाडीच्या पट्टीची रात्रीची चाचणी होती. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव आणि परत. गाडी चालवायला आमच्या विभागाचे सगळ्यात जुने चाचणी चालक होते, ज्यांना सगळे काकाच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, आधी ट्रक चालवलेले. मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. पट्टीचा रंग निळा ठेवला होता, कारण गाडी बाजारात त्याच रंगात यायची होती. इलेक्ट्रिक म्हणजे निळा, असं डिझाइनवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

प्रयोगशाळेत ही पट्टी सगळ्या कसोट्यांना उतरली होती. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या गाडीत लाल एलईडी सगळ्यात आधी मंदावते आणि लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा रंग हिरवट-निळसर दिसायला लागतो. तेवढ्यासाठी तापमान पाहून लाल वाढवायची सोय केली होती. तीही नीट चालत होती. समोरून मोजलेली चमक मर्यादेच्या आत होती. पुढच्या काचेत प्रतिबिंब पडत नव्हतं.

परतीच्या वाटेवर, मंचर मागे पडल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर कमानीसारखा रचलेला ऊस, आणि मागे एकही लाल दिवा नाही. या रस्त्यावर हिवाळ्यात हे रोजचं आहे. काकांनी उजवीकडचा इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, आणि गाडी लेनमध्येच ठेवली. मग मान पूर्ण वळवून मागे पाहिलं. त्याच क्षणी आमच्या उजव्या अंगाने एक मोटारसायकल सुरकन पुढे गेली. तिचा पुढचा दिवा मिणमिणता, पिवळट.

काका काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरला वळसा घालून झाल्यावर म्हणाले, “ताई, ही गाडी मला आरशात दिसली नाही.”

“दिवा बारीक होता ना काका तिचा.”

“बारीक होता, पण रस्त्यावर बारीकच दिवे असतात. आरशात तुमची पट्टी दिसतेय. खालच्या अर्ध्या भागात निळी रेघ आहे. तिच्यात गेली ती गाडी.”

माझ्या जागेवरून मला रेघबिघ काही दिसत नव्हती, आणि दिसणं शक्यही नव्हतं. पुढे एका ढाब्यावर आम्ही थांबलो. अंगणातल्या ट्यूबलाइटपासून दूर, शेताच्या कडेला गाडी उभी केली आणि मी चालकाच्या जागेवर बसले. काकांच्या उंचीला सीट जुळवली. उजव्या आरशाकडे नजर टाकली आणि पोटात गोळा आला. आरसा दिसायच्या आधी मधे दाराची काच लागते. ती वरून आत झुकलेली असते. त्या तिरक्या काचेत डॅशबोर्डवरच्या पट्टीचं प्रतिबिंब बरोबर आरशाच्या जागी उमटत होतं. काचेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी साधारण आठ टक्के दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून परत फिरतो, आणि जितकं तिरकं पाहावं तितका जास्त. शहरात, दिव्यांखाली, हे आठ टक्के कुणाच्या लक्षात येणार नाहीत. शेताच्या कडेच्या काळोखात ती रेघ आरशातल्या रस्त्यापेक्षा ठळक होती.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल घडी करून पट्टीवर टाकला. आरशात लगेच मागचा रस्ता उजळला, दूरवरून येणारे दोन दिवे मोजता आले. टॉवेल काढला, पुन्हा रेघ.

मग मी रंग बदलून पाहिला. लॅपटॉपवरून पट्टी निळ्याची अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी, केली आणि उजेड मोजायच्या मीटरवर दोन्हींची चमक सारखी येईपर्यंत आकडे जुळवले. मीटर म्हणे, दोन्ही सारखे. काका म्हणाले, “छे! निळा टोचतो. हा चालेल.” मलाही तसंच दिसत होतं, आणि त्याचं कारण आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी शिकलेलं असतं. कुठला रंग डोळ्याला किती उजळ दिसतो हे सांगणाऱ्या ज्या वक्रावर मीटर चालतो तो 1924 साली ठरलेला, दिवसाच्या डोळ्याचा आहे; त्याचा कळस 555 नॅनोमीटर तरंगलांबीला, हिरवट-पिवळ्याला. काळोखात डोळ्यातल्या दंडपेशी पुढे होतात, त्यांचा कळस 507 च्या आसपास, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकलेला. लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. 19व्या शतकात पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने हा फरक नोंदवला होता. वर्गात शिकलेली ही गोष्ट नारायणगाव-चाकण रस्त्यावर, चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवून, एका ट्रक चालवलेल्या माणसाने मला डोळ्यांनी दाखवली. मीटर चुकीचा नव्हता, पण त्याच्याकडे काकांचा डोळा नव्हता.

प्रयोगशाळेत हे का दिसलं नाही, त्याचं उत्तरही तिथेच मिळालं. आमच्याकडे चाचणीचा जो सांगाडा असतो त्यावर डॅशबोर्ड असतो, सीट असते, पुढची काचही असते. दाराच्या काचा नसतात. आमच्या ग्राहक कंपनीने, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी, दिलेल्या चाचण्यांच्या यादीत त्या कधी आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशीची बैठक लांबली. ग्राहकाकडच्या मंडळींचं म्हणणं होतं की शोरूममध्ये पट्टी उठून दिसली पाहिजे, अंधुक झाली तर गिऱ्हाईक तिच्याकडे बघणारही नाही. त्यांची अडचण खरी आहे. शोरूममध्ये शेकडो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्सही भरत नाही, आणि आम्ही गेलो होतो अमावास्येच्या तोंडावर. या दोन टोकांना एकच आकडा पुरणार नाही, एवढंच मी धरून बसले होते. मी टेबलावर फोटो ठेवला: टॉवेल असताना आरसा, टॉवेल नसताना आरसा. फोटो कॅमेऱ्याचा असल्यामुळे डोळ्याला दिसतं तितकं त्यात येत नाही, तरी पुरेसं आलं होतं. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “मोटारसायकलवर किती जण होते?” मला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं. तिघं होते, मधे लहान मूल.

त्यानंतर कुणी शोरूमचं नाव काढलं नाही.

पट्टीच्या वरच्या कडेला आता बारीक छज्जा आला आहे. आतल्या लाइट गाइडवरचे (एलईडीचा उजेड पट्टीभर नेणाऱ्या पारदर्शक दांडीवरचे) दाते बदलून उजेड खाली वळवला. गाडी थांबलेली असेल, चार्ज होत असेल, दार उघडलं असेल, तेव्हा निळा पूर्ण तेजात. बाहेर काळोख आणि गाडी वेगात, की चालकासमोरचा भाग मंद अंबर होतो. डाव्या बाजूला बसलेल्याला हवा तो रंग, तोही मंदच. सूचनेसाठी लाल लागतो तेव्हा तो लगेच येतो, कारण आता आजूबाजूला त्याच्याशी स्पर्धा करणारं काही नसतं. सांगाड्याला दाराच्या दोन्ही काचा बसवल्या आहेत, आणि यादीत एक नवी ओळ आहे: रात्रीची फेरी पन्नाशीपुढच्या चालकाकडून, दिव्यांशिवायच्या रस्त्यावर.

काचेच्या छतातल्या नक्षीदार दिव्यांचं मात्र अजून ठरायचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: गाडी वेगात असताना ते बंद. डिझाइनवाल्यांना ते मान्य नाही. पुढची रात्रीची फेरी त्याचीच आहे, काकांनी मंचरपुढचा तोच पट्टा मागून घेतलाय, आणि या वेळी डिझाइनवाल्यांपैकी दोघं स्वतः चालकाच्या जागेवर बसणार आहेत.