गाडीतला दोष सिद्ध कोणी करायचा?

नव्या गाडीचा गिअर पहिल्या काही आठवड्यांतच अडकू लागला, तर कायदा आपल्या बाजूने आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तो दोष मुळातच होता हे सिद्ध कोणी करायचे, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. माझ्या मते ग्राहक संरक्षणाच्या कायद्याचा खरा कस इथेच लागतो, कारण गाडीची तांत्रिक माहिती, तपासणीची यंत्रे आणि तज्ज्ञ हे सारे उत्पादक आणि विक्रेत्याच्या हाती असते.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्ती मागितल्यास, सहा महिन्यांच्या आत उघड झालेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला दाखवावे लागते. एक दुरुस्ती फसली, की गाडी नाकारता येते. पण इतर वस्तूंच्या बाबतीत या सहा महिन्यांत परत मिळणाऱ्या पैशांतून वापराची वजावट होत नाही, मोटारीच्या बाबतीत मात्र होऊ शकते. ही तरतूद मला खटकते, कारण बिघडलेली गाडी दुरुस्तीला नेण्या-आणण्यातही तिचे अंतर वाढतच असते.

कॅलिफोर्नियाचा कायदा १८ महिने किंवा १८,००० मैल ही मुदत धरतो. एकाच दोषासाठी चार वेळा, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोन वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत अडकली, तर उत्पादकाला दोष दूर करण्याची पुरेशी संधी मिळाली असे मानले जाते. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असे तयार गणित नाही. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर ग्राहक आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवतो, आणि तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते.

कायदा कुठलाही असो, हे सारे जॉब कार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना वर्कशॉपने भरलेल्या नोंदपत्रावर, तोलले जाते. त्यावर ‘जनरल चेकअप’ असे लिहू देऊ नये; ‘इंजिन थंड असताना दुसरा गिअर पडत नाही’ अशी नेमकी तक्रार, ओडोमीटरचा आकडा आणि गाडी दिल्या-घेतल्याची तारीख त्यावर असावी. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला, तरी ते कार्ड जपावे, कारण तक्रार केव्हा केली याचा तो पुरावा असतो.

लीजवरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाडेकराराने घेतलेल्या, गाडीत मालकी लीज कंपनीची असते. त्यामुळे वॉरंटीचा दावा आपल्याला थेट करता येईल का, हे सही करण्यापूर्वी करारात पाहावे, आणि वाद सुरू आहे म्हणून हप्ता परस्पर थांबवू नये, कारण त्यामुळे आपणच थकबाकीदार ठरू शकतो. अमेरिकेतील १९७६ च्या ग्राहक लीज कायद्याने मुदतपूर्व करार मोडण्याच्या अटी आणि झिजेचे निकष आधीच लेखी देणे बंधनकारक केले आहे. गाडी परत करताना ओरखडे आणि पोचे यांचे पैसे मागितले गेले, तर आपली बाजू आपल्यालाच मांडावी लागते, म्हणून ताबा घेताना आणि सोडताना चारही बाजूंची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.