तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरावर पळून गुडघे जात नाहीत का?

हा प्रश्न मला कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणारे काका विचारतात, सासूबाई दर दिवाळीला विचारतात, आणि उद्यमनगरात माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा तर चहाच्या सुट्टीत हमखास विचारतो, वर त्याचं उत्तरपण त्याच्याकडं तयारच असतंय, की बेअरिंग जेवढं फिरणार तेवढं झिजणार, त्यात काय एवढं. दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. पण बेअरिंग स्वतःची दुरुस्ती करत नाही हो, सांधा थोडीफार करतो. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात, तिच्यावर दाब पडला आणि सुटला की सांध्यातलं वंगण आतबाहेर होतं आणि तिचं खाणंपिणं त्यातूनच होतं. म्हणजे नुसतं बसून ठेवलं तर गुडघा टिकतो हे काय खरं नाही.

आकडे पाहिजे असतील तर २०१७ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून एक हिशोब छापून आला होता. हौसेनं पळणाऱ्यांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्याची झीज, ३.५ टक्के लोकांना, अजिबात न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. आता यात एक गोम आहेच, ज्याचा गुडघा आधीपासून दुखतो तो पळायला येतच नाही, त्यामुळं पळणाऱ्यांचा आकडा थोडा चांगला दिसणारच. तरी हौशी माणसाला घाबरण्यासारखं त्यात काही नाही, आणि मी हौशीच आहे, मेडल फिनिशरचंच मिळतं.

त्यामुळं गुडघ्याचं टेन्शन मी घेत नाही. टेन्शन असतं ते उताराचं.

लोकांना वाटतं वाघबीळचा घाट चढताना पायाची वाट लागत असेल. चढताना दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, पण तेवढंच. चढाला मी सरळ चालतो, गुडघ्यावर हात टेकून चालतो. आपल्याकडं ईर्षा लई, बाजूनं कोण पळत गेला की आपणपण पळायचं, पण खड्या चढावर पळणारा आणि झपाझप चालणारा यांच्यात फार फरक पडत नाही आणि चालणाऱ्याचा जीव शाबूत राहतो. खरं काम उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, आणि असं लांब होत होत जोर लावणं स्नायूला सगळ्यात महाग पडतं, त्याच्या बारीक तंतूंना इजा होते. दुखणं त्या दिवशी येतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, २१ किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा, परतीला ढोलताशा वाजत असतो, लोक टाळ्या वाजवत असतात, उतार असतो, माणूस सुसाट सुटतो. मंगळवारी तोच माणूस जिना उलटा उतरतो आणि देशी संडासात बसताना त्याला अंबाबाई आठवते.

यावर उपाय म्हणजे उतारच, थोडा थोडा, आधीपासून. एकदा स्नायूनं तो मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तसल्याच माराला तो कमी दुखतो. म्हणून रेसच्या दोन-तीन आठवडे आधी मी पन्हाळ्यावरून एक मोठा उतार मुद्दाम पळतो, पावलं बारीक, पाय अंगाच्या खाली पडेल असे, ढांगा टाकायच्या नाहीत. त्यानंतर मात्र कमी करत आणायचं. बाकी आठवडा साधाच असतो, रंकाळा नाहीतर विद्यापीठाच्या आवारात गप्पा मारत पळता येईल इतकं निवांत, एक दिवस कात्यायनीच्या बाजूला चढाचे रिपीट, म्हणजे एकच चढ परत परत, रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा-मसाई पठार. पावसाळ्यात पठारावरचा जांभा शेवाळानं असला गुळगुळीत होतो की घोटा कधी मुरगळेल नेम नाही, तिथं मी घड्याळ बघतच नाही. चैत्र यात्रेनंतर जोतिबाच्या पायऱ्यांवर दवानं ओला झालेला गुलाल असतो, तोपण तसलाच. माझ्या एका बुटाची जाळी अजून गुलाबी आहे, किती धुतली तरी निघत नाही.

ताकदीसाठी जिम लावली नाही. तालमीतल्या एका वस्तादांनी सांगितलेलं, पायात दम पाहिजे तर बैठका मार, बाकी सगळं नाटक. त्यांच्या तेलमालिशबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, बरं वाटतं हे खरं, पण ताज्या लचकेवर रगडून घेऊ नये. पळून झाल्यावर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, याबद्दल मात्र आमचं दोघांचं एकमत.

आता दुखण्यांचं. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील, हात फिरवला तर सगळीकडंच दुखत असेल, तर ते मी दुखणं धरतच नाही. एकाच पायात, एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल तर कान टवकारायचे. उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर, तर ते बहुतेक आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा पट्टा, तिथं दात खाऊन पळण्यात अर्थ नाही, थांबायचं आणि खुब्याच्या ताकदीवर काम करायचं. आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच जागी दुखतंय, पळताना वाढतच चाललंय, रात्रीपण ठणकतंय, तर सरळ डॉक्टर. असल्या बारीक फ्रॅक्चरमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यामुळं एक्सरे नॉर्मल म्हणून लगेच पळायला सुटू नका. आणि रेसच्या सकाळी पेनकिलर घेऊन लायनीत उभे राहणारे बघितले की मला भीती वाटते, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात.

माझं स्वतःचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे उजवी टाच, तिच्या मागची शीर, अकिलीस. दिवसभर उभं राहायचं काम आणि त्यात चढ, त्यामुळं सकाळी उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं लाकडी पायानं चालल्यासारखी. आई म्हणते, लंगडतोयस कशाला, जाऊ नको आज. या टाचेवर जे औषध मला लागू पडलं त्याची गोष्ट भारी आहे. स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन म्हणून हाडांचे डॉक्टर, स्वतः पळणारे, त्यांचीच अकिलीस दुखायची. बॉस ऑपरेशन करेना, तुटली असती तर केलं असतं म्हणाला. मग हे गडी ती तुटावी म्हणून मुद्दाम टाचेवर भार टाकत बसले, आणि ती तुटायच्या ऐवजी बरीच झाली! १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर केलेला प्रयोग छापला, १२ आठवड्यांनी सगळे परत पळायला लागले होते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, दोन्ही पायांवर वर जायचं, दुखऱ्या पायावर सावकाश टाच खाली सोडायची, १५चे तीन सेट, मग गुडघा जरा वाकवून परत तेवढेच, आणि हे दिवसातून दोनदा. मी मागच्या दाराच्या पायरीवर दात घासता घासता करतो. पहिले काही दिवस दुखतं, ते चालतं. माझा नियम एवढाच, दहापैकी चार-पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखायला नको.

आणि आता मला सुरुवात करायचीय, काय करू, असं विचारणार असाल तर पहिला महिना जोतिबा चालत चढा, दर्शन घ्या, आणि खाली एसटीनं या.