मोहाच्या झाडाखाली, उजाडल्यावर

गेल्या वर्षी चैत्रात बाबा पहाटे चारला मोहफुलं वेचायला निघाले. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव जंगलाला लागूनच आहे. मोह पहाटे गळतो, म्हणून सगळे अंधारातच जातात. झाडामागून सुरुक सुरुक आवाज येत होता. कुणाचं ढोर असेल, असं बाबांना वाटलं. अस्वल मान खाली घालून फुलं खात होतं आणि बाबा वाकून वेचत होते. चार हातांवर आल्यावर दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागला. अस्वल अंगावर आलं; बाबांच्या डोक्याची कातडी सोलली गेली आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली.

दवाखाना, पंचनामा, भरपाईचा अर्ज हे सगळं झालं. तेव्हा वनरक्षकांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. अस्वलाचं नाक फार तेज, पण नजर आणि कान मंद. वारा त्याच्याकडून आपल्याकडे असला की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, मग दचकून ते अंगावर येतं. म्हणजे बदलायची होती ती आपली वेळ.

यंदा फाल्गुनातच मी घरोघरी फिरले. शेजारची म्हातारी काकी म्हणाली, "उजाडल्यावर जाशीन तं फुलं ढोरंच खातीन, माय." तिचं खरंच होतं. आमच्याकडे झाडं घराघरांत वाटलेली असली, तरी ढोरांना वाटणी कळत नाही. म्हणून झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर हिरवी जाळी बांधली. फुलं जाळीतच पडतात, त्यांना माती लागत नाही, आणि वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळायला आगही लावावी लागत नाही. पहिली जाळी मी सैल बांधली होती. फुलांच्या वजनानं ती मधोमध जमिनीला टेकली आणि शेळ्यांचं फावलं. दुसरी चारही बाजूंनी ताणून बांधली.

आता सातनंतर आम्ही तिघी-चौघी मिळून, मोठ्यानं बोलत जातो. कुत्रा नेत नाही, कारण अस्वलाला बघून तो भुंकतो, मग पळत आपल्याकडेच येतो आणि मागं अस्वल. वाळवी खायला अस्वल वारूळ उकरतं, म्हणून ते ताजं उकरलेलं दिसलं की त्या वाटेनं जात नाही. फुलं अंगणात वाळवली तरी संध्याकाळी आत घेऊन झाकणाच्या पिंपात भरतो. रात्रभर तो गोड वास बाहेर ठेवणं म्हणजे अस्वलाला दारात बोलावणंच.

अस्वल येतं अजूनही. परवा जाळीबाहेर त्याची विष्ठा पडली होती, त्यात मोहाची अख्खी फुलं. शेजारी मागच्या पायाचा ठसा होता. अनवाणी माणसाचाच वाटावा, फक्त पुढं नखांच्या रेघा. बाबा बराच वेळ त्याच्यापाशी उकिडवे बसून होते.

गावातली तीन घरं अजून अंधारातच जातात. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आत मला पुन्हा त्यांच्याकडे जायचं आहे. या खेपेला बाबाही येतो म्हणाले.